अळीला सवय झाली नाही

बिलोली तालुक्यात कपाशीच्या बांधावर उभं राहून कुणालाही विचारा, गुलाबी बोंडअळी का आवरत नाही? उत्तर बहुतेक एकच येतं. "सवय झाली बघा तिला औषधाची. काही बी मारलं तरी मरंना." आणि मी जीवशास्त्रात पीएच.डी. करतोय हे कळलं की पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. "मग तुमचं सायन्स काय म्हणतंय?"

आजचा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर आहे. बांधावर उभ्या उभ्या ते देता येत नाही, कारण त्यात पावणेदोनशे वर्षांचा इतिहास येतो.

आधी 'सवय' हा शब्द बघू. माणसाला चहाची सवय लागते, तंबाखूची लागते. एकाच माणसात, त्याच्या एका आयुष्यात हे घडतं. अळीचं तसं नाही. बीटी कपाशीचं बोंड कुरतडून जी अळी मेली, ती मेली. तिने काही शिकून घेतलं नाही, पुढच्या पिढीला काही सांगितलं नाही. जी वाचली, ती जन्मतःच थोडी वेगळी होती म्हणून वाचली. पुढच्या पिढीत तिचीच पिल्लं जास्त दिसली. प्रत्येक अळी होती तशीच राहिली; बदललं ते अळ्यांमधलं प्रमाण. धान्य चाळताना दाणा लहान-मोठा होत नाही, चाळणीत काय राहिलं तेवढं बदलतं. हे तसंच.

तुम्ही म्हणाल, शब्दाने काय फरक पडतो? पडतो. 'सवय' म्हटलं की उपाय सुचतो तो औषध बदलण्याचा. 'चाळणी' म्हटलं की प्रश्न येतो, चाळणी कुणी बनवली? मराठवाड्यातल्या कपाशीचा इतिहास वाचला तर औषध बदलण्याचा उपाय आपण पुन्हा पुन्हा करून पाहिलाय. दुसरा प्रश्न मात्र फारसा विचारला नाही.

भडोचहून निघालेली अळी

गुलाबी बोंडअळी परदेशातून आली असा बऱ्याच जणांचा समज आहे. विज्ञानाच्या कागदोपत्री तरी उलट आहे. १८४० च्या दशकात, ईस्ट इंडिया कंपनी भारतात अमेरिकन कापूस रुजवायची खटपट करत होती तेव्हा, गुजरातेतल्या भडोचहून कापूस खराब करणाऱ्या एका किड्याचे नमुने इंग्लंडला गेले. सॉन्डर्स नावाच्या कीटक-अभ्यासकाने त्याचं वर्णन करून त्याला नाव दिलं. आज शास्त्रीय भाषेत त्याला पेक्टिनोफोरा गॉसिपिएला म्हणतात. गॉसिपियम म्हणजे कापूस. या किड्याच्या नावातच कापूस आहे.

इथून पुढे माणसानेच या अळीला जगभर फिरवलं. ती सरकीच्या आत झोपते. कापसाचा हंगाम संपत आला की शेवटच्या पिढीतली अळी लगेच कोष करत नाही. दोन सरक्या रेशमाने एकमेकींना शिवते आणि मध्ये सुप्तावस्थेत पडून राहते, कित्येक महिने. त्यामुळे सरकी जिथे जाईल तिथे ती गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून सरकीबरोबर इजिप्तला, तिथून मेक्सिकोला आणि १९१७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासला. हा प्रवास लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला अमेरिकेत परत जायचं आहे.

गावरानीपासून नांदेड ४४ पर्यंत

निजामाच्या काळात नांदेड-परभणीकडचा 'गावरानी' कापूस नावाजलेला होता. नांदेडची उस्मानशाही मिल उभी राहिली ती या कापसाच्या भरवशावर. हा देशी कापूस, शास्त्रीय नाव गॉसिपियम आर्बोरियम. हजारो वर्षं इथल्या काळ्या जमिनीत, इथल्या बेभरवशाच्या पावसात आणि इथल्या किडींसोबत तो वाढत आला होता. किडी नव्हत्या असं नाही. पण पिकाने आणि किडींनी एकमेकांना खूप काळ पाहिलेलं होतं.

पुढे गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा झाला आणि अमेरिकन जातीची कपाशी, गॉसिपियम हिर्सुटम, पसरत गेली. १९७० मध्ये सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. १९८० च्या दशकात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून एन.एच.एच. ४४ हा संकरित वाण आला. आपल्याकडे जुन्या शेतकऱ्यांना 'नांदेड ४४' म्हटलं की अजून आठवतो. उत्पन्न वाढलं. पण झाड जास्त दिवस उभं राहायला लागलं, खत-पाणी जास्त घ्यायला लागलं, आणि हिरवंगार, लुसलुशीत, पात्या-बोंडांनी भरलेलं शेत महिनोन् महिने किडींसमोर वाढून ठेवल्यासारखं झालं.

मग फवारणी आली. १९८० च्या आसपास सायपरमेथ्रिन, फेनव्हलरेट अशी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं बाजारात आली. सुरुवातीला जादू झाल्यासारखं वाटलं. गुलाबी बोंडअळी मागे पडली. पण हिरवी बोंडअळी, जिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो, ती पुढे आली आणि मरेनाशी झाली. १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशातल्या कपाशीवर या औषधांना न जुमानणाऱ्या हिरव्या अळीने हाहाकार केला. शेतकऱ्यांनी फवारण्या वाढवल्या, कर्ज वाढलं, अळी तशीच.

कीटकांचं हे रूप तेव्हाही नवं नव्हतं. १९१४ मध्येच ए. एल. मेलँडर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने फळबागेतल्या खवले किडीवर चुना-गंधकाचा फवारा चालेनासा झाल्याचं पाहून, किडी औषधाला प्रतिकारक होऊ शकतात का, असा प्रश्न शोधनिबंधात विचारला होता. त्याचं उत्तर त्यानंतरची शंभर वर्षं शेताशेतांतून मिळत राहिलं.

२००२ : विष झाडातच

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने बीटी कपाशीला परवानगी दिली. पहिले तीन वाण महिको-मोन्सॅन्टोचे होते, आणि महिको म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या जालन्याची कंपनी, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस, मातीत सापडणारा एक जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना तो रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना सापडला; १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंगियात बर्लिनर यांना पुन्हा सापडला, त्यावरून नाव पडलं. हा जिवाणू एक स्फटिकासारखं प्रथिन बनवतो. अळीच्या पोटातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना जाऊन चिकटतं आणि पेशीला भोकं पाडतं. त्यातल्या एका ठिकाणाचं नाव कॅडहेरिन. माणसाच्या पोटात हे घडत नाही, कारण आपल्या आतड्यात त्या विषाला धरायला ती जागाच नाही. हे विष बनवणारं जनुक कपाशीत घातलं, की झाड स्वतःच अळीनाशक बनतं. पहिल्या पिढीत एक विष होतं, क्राय-१-एसी. २००६ मध्ये आलेल्या 'बीजी-२' मध्ये दोन : क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी.

काही वर्षं खरंच आराम पडला. बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. दहा-बारा वर्षांत देशातली ९० टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी झाली.

आता थांबून एक गोष्ट बघा. बिलोलीपासून विदर्भापर्यंत, गुजरातपासून तेलंगणापर्यंत, कंपन्या वेगळ्या, पाकिटांवरची नावं वेगळी, हजाराहून अधिक वाण. पण अळीच्या पोटाच्या दृष्टीने सगळं एकच शेत. त्याच एक-दोन विषांचं, लाखो हेक्टरांचं एकच शेत.

एक शेत, दोन अळ्या

इथून गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

एकाच बीटी कपाशीत दोन अळ्या राहत होत्या, हिरवी आणि गुलाबी. विष तेच, पाऊस तोच, शेतकरी तोच. पायरेथ्रॉइडला आधी न जुमानणारी, बंडखोर म्हणून बदनाम झालेली अळी हिरवी होती. मग बीटीलाही तिनेच आधी हरवायला हवं होतं. पण बीजी-२ कपाशीवर शेताशेतांत जी अळी वाचायला लागली, ती गुलाबी. हिरव्या अळीवर ही कपाशी चालत राहिली. असं का?

हिरवी अळी काय काय खाते ते आठवा. हरभऱ्यावरची घाटे अळी म्हणजे तीच. तुरीच्या शेंगा पोखरते ती तीच. टोमॅटोत शिरते तीच. आपल्याकडे कपाशीच्या पाच-सहा ओळींनंतर तुरीची एक ओळ असते, शेजारच्या शेतात सोयाबीन, रब्बीत हरभरा. म्हणजे या अळीसाठी बीटी कपाशी हा जगाचा एक तुकडा होता, बाकी जग बिनविषारी होतं. तिथे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही सुखाने वाढत राहिल्या, त्यांचे पतंग होत राहिले आणि कपाशीतून वाचून आलेल्या एखाद-दुसऱ्या प्रतिकारक पतंगाशी त्यांची जोडी जमत राहिली.

गुलाबी अळी मात्र जवळपास फक्त कपाशीवर जगते. भेंडी, अंबाडी अशा कपाशीच्या नातेवाईक झाडांवर क्वचित. तिच्या लेखी तूर नाहीच, हरभरा नाहीच. तिच्या लेखी बिलोली तालुका म्हणजे फक्त कपाशी, आणि कपाशी म्हणजे फक्त बीटी. बांधावरून आपल्याला एकच शिवार दिसतं. पण त्या शिवारात दोन अळ्या दोन वेगळ्या जगांत राहत होत्या.

शाळेत आपण 'अनुकूलन' शिकतो ते असं : परिस्थिती आधी असते, कुलपासारखी, आणि जीव हळूहळू किल्लीसारखा घासला जाऊन तिच्यात बसतो. रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात या चित्रावरच बोट ठेवलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : जिवाशिवाय 'परिस्थिती' अशी काही तयार वस्तू नसते. बाहेरच्या जगातलं काय आपल्यासाठी मोलाचं आणि काय नाही, हे जिवाच्या जगण्याच्या पद्धतीवर ठरतं. आणि जगता जगता जीव ते जग बदलतही असतो. म्हणजे जीव आणि परिसर एकमेकांना घडवत जातात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा तत्त्वज्ञानासारखं वाटलं होतं. हिरव्या आणि गुलाबी अळीची गोष्ट कळल्यावर पटलं, की हा अगदी शेतावरचा, हिशेबाचा मुद्दा आहे.

हिशेब

तर हिशेबच करू. आकडे समजण्यापुरते, मनाने धरलेले आहेत.

प्रत्येक अळीत कॅडहेरिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. समजा हजार प्रतींमागे एक बिघडलेली आहे. बिघडलेली म्हणजे विषाला धरत नाही अशी. झाडात विषाची मात्रा भरपूर असेल तर एक प्रत बिघडलेली असून भागत नाही, दोन्ही लागतात. अशी अळी किती सापडेल? हजारात एक, तिच्या पुन्हा हजारात एक. दहा लाखांत एक.

आता सगळं शिवार बीटी असेल तर? दहा लाखांतली ती एक वाचते. दुसऱ्या शेतातलीही तशीच एक. बाकी कुणी उरलेलंच नसतं, म्हणून ती दोघं एकमेकांना गाठतात. त्यांची सगळी पिल्लं प्रतिकारक. चाळणी एका झटक्यात काम करते.

आणि शिवारात थोडी साधी, बिनबीटी कपाशी असेल तर? तिथून हजारो साधे पतंग निघतात. वाचलेल्या एका पतंगाची जोडी बहुतेक त्यांच्यापैकीच कुणाशी तरी जमते. पिल्लांना एक बिघडलेली, एक चांगली प्रत मिळते, आणि ती पिल्लं बीटीवर मरतात. म्हणजे अळीला अळीनेच थोपवायचं. शास्त्रज्ञ याला 'रेफ्युज' म्हणतात, आपल्याकडे शेतकरी 'रेफ्युजी' किंवा 'नॉन-बीटी' म्हणतात. म्हणूनच ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं छोटं पाकीट मिळायचं. ते शेताच्या कडेने लावायचं होतं, पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के.

किती जणांनी लावलं? फार थोड्यांनी. बऱ्याच ठिकाणी ते पाकीट बांधावर फेकलं गेलं. यावर 'शेतकरी अडाणी' असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. दोन-तीन एकरवाल्या माणसाला आपण काय सांगत होतो? तुझ्या शेताचा पाचवा हिस्सा अळीला खाऊ दे, म्हणजे दहा वर्षांनी सगळ्या जिल्ह्याचं भलं होईल. शेजाऱ्याने नाही लावलं तर तुझं नुकसान फुकट. शिवाय त्या छोट्या पाकिटातलं बी नीट उगवत नाही अशा तक्रारी होत्याच. अशा वेळी पाकीट फेकणं हा अडाणीपणा नाही, सरळ व्यवहार आहे. मोठ्या शेतांच्या देशातली योजना छोट्या शेतांच्या देशात उचलून आणली, तिथेच चाळणीचं भोक ठरलं.

दुसरी गोष्ट बियाण्याची. आपल्याकडची बीटी कपाशी जवळजवळ सगळी संकरित. संकरित झाडात विषाचं जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेलं असतं. झाड विषारी असतं, पण त्याच्या बोंडातली प्रत्येक सरकी तशी नसते. सरकी म्हणजे पुढची पिढी. एक जनुक असेल तर साधारण चारातली एक सरकी बिनविषारी. दोन वेगळी जनुकं असतील तर सोळातल्या नऊ सरक्यांत दोन्ही विषं, तीनात एक, तीनात दुसरं, आणि एक पूर्ण कोरी. आणि गुलाबी अळी खाते काय? नेमकी सरकी. एका सरकीत पूर्ण विष, शेजारच्या सरकीत अर्धं, पुढच्या सरकीत नाहीच. म्हणजे वर हिशेबात आपण गृहीत धरलेली 'भरपूर मात्रा' बोंडाच्या आत नव्हतीच. एकच प्रत बिघडलेल्या अळीलाही इथे वाचायला वाव मिळतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे के. आर. क्रांती यांनी हा मुद्दा मांडला होता.

तिसरी गोष्ट फरदडीची. बहुतेक वेचण्या झाल्यावर पाणी देऊन कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवायची, चार पैसे सुटतात. शिवाय पऱ्हाट्या घराशेजारी रचून ठेवायच्या, जळणाला लागतात. जिनिंगमध्ये सरकीचे ढीग. आपल्यासाठी हा काटकसरीचा संसार. गुलाबी अळीसाठी ही वर्षभराची धर्मशाळा. आधी उन्हाळ्यात तिची उपासमार व्हायची, कपाशीच नसायची. ती रिकामी जागा आपण भरून काढली.

घडलं ते

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी क्रमाने सांगतो. २००८ च्या हंगामात गुजरातेतल्या अमरेलीच्या शेतातून गोळा केलेल्या गुलाबी अळ्या क्राय-१-एसीला दाद देत नाहीत असं दिसलं. मार्च २०१० मध्ये कंपनीनेच गुजरातच्या चार जिल्ह्यांत अळी प्रतिकारक झाल्याचं जाहीर केलं. उत्तर काय दिलं गेलं? दोन विषांची बीजी-२ वापरा. म्हणजे औषध बदला. पण पहिलं विष निकामी झाल्यावर अळीच्या दृष्टीने दोन विषांची कपाशी ही एकाच विषाची होती. २०१४-१५ पर्यंत बीजी-२ वरही गुजरातेत अळ्या दिसू लागल्या.

आणि २०१७. विदर्भ-मराठवाड्यात बोंडं उकलली तर आत डागाळलेला कवडी कापूस. फुलं गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली, डोमकळ्या. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणी कमी करायला आणलेल्या पिकावर लोक पुन्हा पंप पाठीवर घेऊन उतरले होते. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात सरकारला बोंडअळीची मदत जाहीर करावी लागली.

अळ्यांच्या जनुकांत काय सापडलं, तेही सांगण्यासारखं आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या प्रतिकारक अळ्यांमध्ये कॅडहेरिनचे एक-दोन नव्हे, बरेच वेगवेगळे बिघाड दिसले. क्राय-२-एबीला चुकवणाऱ्या अळ्यांत बिघाड होता तो एका वेगळ्याच जनुकात, एबीसीए-२ मध्ये. म्हणजे एकच 'सुपर अळी' जन्मली आणि पसरली असं झालेलं नाही. चाळणी सगळीकडे सारखी होती, आणि जिथे जो बिघाड उपलब्ध होता तो तिथे चाळून वर आला.

तीच अळी, दुसरीकडे

आता अमेरिकेत जाऊ. तीच अळी, तेच क्राय-१-एसी, तेच कॅडहेरिन. ॲरिझोनात १९९६ मध्ये बीटी कपाशी आली. बिघडलेल्या प्रती तिथेही होत्या. १९९७ च्या तपासणीत तर त्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. ब्रूस टॅबॅश्निक आणि सहकारी धास्तावले होते. पण पुढची कित्येक वर्षं त्या वाढल्या नाहीत. तिथले शेतकरी साधी कपाशी लावत होते, आणि साध्या कपाशीवर प्रतिकारक अळ्या इतरांपेक्षा कमजोर ठरत होत्या. विष नसेल तिथे बिघाड हा बिघाडच असतो. पुढे २००६ पासून तिथे कारखान्यात वाढवलेले नपुंसक पतंग कोट्यवधींनी शेतांवर सोडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे ती शिखरावर असताना.

चीनची गोष्ट आणखी मजेशीर. यांगत्से नदीच्या खोऱ्यातले शेतकरी आपल्यासारखेच छोटे. तिथे बियाणं स्वस्त पडावं म्हणून संकरित कपाशीची दुसऱ्या पिढीची सरकी पेरायची पद्धत पसरली. दुसऱ्या पिढीत चारातलं एक झाड आपोआप बिनबीटी निघतं. कुणी पाकीट दिलं नाही, कुणी सक्ती केली नाही, शेतातच रेफ्युजी मिसळून उगवली. अशा मिश्रणाने प्रतिकार उलट वेगाने वाढेल अशी भीती असते, कारण अळ्या एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की तिथे प्रतिकारक अळ्यांचं प्रमाण घटलं. गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की फारशी झाड बदलत नाही, तिचा हा स्वभाव इथे कामी आला.

एक अळी, एक विष, तीन देश, तीन शेवट. अळीत वाईटपणा असता तर तो तिन्ही ठिकाणी सारखा दिसला असता. फरक होता तो अळी आणि तिचा परिसर यांच्या नात्यात. त्या परिसरात झाडाइतकाच बियाण्याचा बाजार येतो, शेताचा आकार येतो, पाण्याची मोटर येते, चुलीचं जळणही येतं. यातल्या कुठल्या कारणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण यातलं एकही कारण अळीने तयार केलेलं नाही.

आणि अळीने आपल्याला बदललं

नात्याची दुसरी बाजूही आहे. महाराष्ट्रात १ जूनच्या आधी शेतकऱ्याला कपाशीचं बी विकायचं नाही असा दंडक घातला गेला होता, तो या अळीमुळे. लवकर पेरलेली कपाशी म्हणजे जमिनीतून निघणाऱ्या पहिल्या पतंगांना तयार ताट. नांदेड जिल्ह्यात सोयाबीनने कपाशीला मागे टाकलं, त्यामागे वेचणीची मजुरी आहे, भाव आहे, पाऊस आहे, आणि बोंडअळीची धास्तीही आहे. कामगंध सापळे लटकले, ते तिच्याचसाठी. अळीने आपली पेरणीची तारीख बदलली, पीक बदललं. मग आपण बदललेल्या शिवारात ती पुन्हा चाळली जाणार. हे थांबत नाही.

म्हणून बांधावरच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. काका, अळीला सवय झाली नाही. आपण सगळ्यांनी मिळून, नकळत, तिच्यासाठी एक जग बांधलं, आणि त्या जगात जगू शकतील अशाच अळ्या मागे राहिल्या. नवं औषध, नवं जनुक येईल. जग तसंच राहिलं तर तेही काही वर्षांत जाईल. पण जग आपण बांधलंय, तर थोडं मोडताही येतं. डिसेंबरअखेर कपाशी काढून टाकायची. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या शेतात सोडायच्या, उरलेली बोंडं त्या फस्त करतात. पऱ्हाट्या घराशेजारी रचायच्या नाहीत. पेरणी पाऊस झाल्यावर, आणि सगळ्यांनी मागेपुढे न करता. या सगळ्यात एकही नवं औषध नाही. यातून तिच्या वर्षात ती रिकामी, उपाशी जागा परत येते.

अडचण एवढीच की हे एकट्याने करून भागत नाही. पतंगाला बांध कळत नाही, शिव कळत नाही, आणि बिलोलीत तर मांजरेपलीकडे राज्यच बदलतं, तेही त्याला कळत नाही. फरदड सोडणाऱ्याचे चार पैसे आज जातात आणि फायदा गावाला पुढच्या वर्षी होतो. ते चार पैसे कुणी सोसायचे, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तो ग्रामसभेत सुटेल, बियाण्याच्या धोरणात सुटेल, नाहीतर सुटणार नाही. फक्त तिथे बसताना 'अळीला सवय झाली' हे वाक्य बाजूला ठेवा. त्या वाक्यात सगळा दोष अळीवर जातो, आणि आपल्या हातात पुढच्या बाटलीची वाट बघण्यापलीकडे काही उरत नाही.